निळं पाणी आणि खंडेनवमीची हळद

नात्यातल्या लग्नात नवी ओळख झाली की बायका हमखास विचारतात, "तुम्ही काय करायच्या?" मी सांगते, "घाण पाण्यातून तांबं काढायचे." समोरची बाई हळूच जिलेबीच्या ताटाकडे बघायला लागते. मग माझी नणंद सावरून घ्यायला पुढे येते, "वहिनी कंपनीत केमिस्ट होत्या हो." दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण मला विचाराल तर पहिलं जास्त खरं आहे आणि त्यात ऐटही जास्त आहे. केमिस्ट काय, गल्लोगल्ली औषधांच्या दुकानातही असतात.

नाशकात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. आता निवृत्त झाले तरी तोंडात 'आमचं'च येतं. मालक दिलीपशेठ. पितळेचे, तांब्याचे, लोखंडाचे सुटे भाग आमच्याकडे यायचे, काळवंडलेले, गंजलेले. ते ॲसिडच्या टाकीत बुडवायचे, पाण्यानं धुवायचे आणि चकचकीत करून परत पाठवायचे, एवढाच धंदा. आता ॲसिड गंज खातं तसं हळूहळू धातूही खातं. त्यामुळे धुतलेल्या पाण्यात तांबं, लोखंड आणि पितळेतलं थोडं जस्त उतरलेलं असायचं. पाणी आंबट, रंग निळसर. दिसायला इतकं देखणं, की एका गिऱ्हाइकानं त्याचा फोटो काढून मोबाइलवर लावला होता. मी त्याला म्हटलं, फोटो काढा, बोट घालू नका.

हे पाणी नाल्यात सोडता येत नाही आणि सोडूही नये. पूर्वी आम्ही त्यात सोड्याचं पाणी ओतून आंबटपणा मारायचो. मग सगळे धातू चिखल होऊन खाली बसायचे. तो चिखल पिंपात भरायचा आणि पुरायला ट्रकनं पाठवायचा, त्याचे वर पैसे मोजायचे. म्हणजे लोक आम्हाला तांबं आणून देणार, आम्ही ते पाण्यात घालवणार आणि नंतर आमच्याच खर्चानं त्याचं क्रियाकर्म करणार. मी विंचूरच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे कांद्याची पातसुद्धा वाया घालवत नाहीत. तो ट्रक फाटकातून जाताना दिसला की मी पाठ फिरवायचे.

धातू वेगवेगळे काढता येतात, आणि त्यात जादू काही नाही. आंबट पाण्यात सोडा थोडा थोडा घालत गेलं की आंबटपणा पायरीपायरीनं उतरतो आणि प्रत्येक धातू आपापल्या पायरीवर बाहेर पडतो. मी नव्या माणसाला समजावताना नाशकातल्या द्वारका चौकातून सुटणाऱ्या नांदगावच्या एसटीचं उदाहरण द्यायचे. लोखंड विंचूरलाच उतरतं. तांबं मनमाडला उतरतं. जस्त पार शेवटी नांदगावला. प्रत्येक थांब्यावर एक टाकी आणि एक गाळणी ठेवली, की पहिल्या टाकीत गंजाच्या रंगाचा गाळ, दुसरीत मोरपिशी, तिसरीत पांढरा. मोरपिशी गाळ म्हणजे तांबं. त्यात चांगलं ॲसिड घालून ते पाणी आटवलं की मोरचुदाचे निळे खडे तयार. उरलेलं पाणी पुन्हा भाग धुवायला वापरायचं.

गाडी कुठल्या थांब्यावर आली हे सांगणारा कंडक्टर म्हणजे पीएच मीटर, आंबटपणा मोजायचं यंत्र. त्याची एक काचेची कांडी असते, टोकाला नाजूक बोंड. ते बोंड पाण्यात बुडलेलं असतं आणि वर डबीत आकडा दिसतो, आंबटपणा उतरेल तसा आकडा चढतो. तो आकडा बघून सोड्याचा पंप आपोआप चालू होतो आणि बंद होतो. कंडक्टरला डुलकी लागली तर सगळे उतारू एकदम नांदगावला उतरणार आणि आमच्या नशिबी पुन्हा तोच मिसळलेला चिखल. ते बोंड कायम ओलं ठेवायचं, त्याला तेल लागू द्यायचं नाही, बोटानं पुसायचं नाही. हे मी शेडमधल्या प्रत्येकाला इतक्या वेळा सांगितलं होतं, की मी दिसले की लोक आधी हात मागे घ्यायचे.

दिलीपशेठना हा उद्योग पटवायला मला बराच काळ लागला. ते माणूस म्हणून सरळ, पण नव्या गोष्टीला आधी नाही म्हणायची त्यांची रीत. शेवटी तयार झाले ते माझ्या हुशारीमुळे झाले नाहीत. चिखल पुरायचा दर वाढला म्हणून झाले.

मग गिऱ्हाइकंही एकेक भेटली. लोखंडाचे भाग बुडवायच्या टाकीतलं जुनं ॲसिड थंड केलं की हिराकसाचे, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचे, पोपटी खडे मिळायचे. द्वारकेजवळ राहणारे एक निवृत्त चित्रकला शिक्षक ते न्यायला स्कूटरवर यायचे. त्यांना हिरडा आणि हिराकस उकळून जुन्या पोथ्यांना असायची तशी काळी शाई बनवायची होती. पहिल्यांदा ते दूध मागायला आल्यासारखे हातात स्टीलचं भांडं घेऊन आले होते. मी प्लास्टिकच्या बरणीत खडे दिले आणि भांडं परत पाठवलं. पुढच्या खेपेला त्यांनी त्या शाईनं माझं नाव बोरूनं लिहून आणलं. ते आजही माझ्या भिंतीवर आहे. शाई जराही विटलेली नाही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे विंचूरचा माझा मावसभाऊ बबन. द्राक्षवाल्यांना बुरशीवरच्या बोर्डोच्या फवाऱ्यासाठी मोरचूद लागतंच. बहिणीच्या कारखान्यात मोरचूद निघतंय हे कळल्यावर तो पिशवी घेऊन हजर झाला. मी सांगितलं, तपासणी होऊन शेतीसाठी परवानगी मिळेपर्यंत खडासुद्धा मिळायचा नाही.

"ताई, घरच्या माणसाला असं?" तो म्हणाला.

"घरचा आहेस म्हणूनच. तुझी द्राक्षं मलाच खायची असतात."

तो रुसून गेला आणि गावभर सांगत सुटला, की आमची ताई गटारीतून मोरचूद काढती आणि वर मिजास करती. पुढे परवानगी मिळाल्यावर पहिलं पोतं त्यानंच नेलं. मिजास मात्र मी तेव्हाही केली.

पण ते पुढचं झालं. त्याच्या आधी एक दसरा आला, तो सांगितल्याशिवाय हे सगळं अपुरं राहील.

आमच्या वर्कशॉपची प्रदूषण मंडळाची संमती, म्हणजे चालवायचा परवाना, संपत आली होती. नवी हवी तर ही धातू काढायची व्यवस्था नीट चालते हे अधिकाऱ्याला चालवून दाखवायचं आणि शेवटच्या पाण्याचा नमुना त्यांना द्यायचा. भेट ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दिलीपशेठनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "जमलं तर उत्तम. नाही जमलं तर मी शेड गोडाऊनला भाड्यानं देणार. मला रोजची ही धाकधूक झेपत नाही." त्यांचं भाड्यावर भागलं असतं. बाकीच्यांचं काय? मोतीराम भोये मान खाली घालून उभा होता ते मी पाहिलं.

मोतीराम आमच्या टाक्या सांभाळायचा. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा. त्याआधी दर हिवाळ्यात तो आणि त्याची बायको सुमन द्राक्षबागांच्या कामाला खाली यायचे, पोरींना बरोबर घेऊन. पोरींची शाळा दरवर्षी मध्येच तुटायची. त्या वर्षी जूनमध्ये त्यांनी पहिल्यांदा अंबडला खोली घेतली. सुमन गाळणीची कापडं धुवायच्या कामाला लागली आणि दोघी पोरी एका शाळेत जायला लागल्या. शेड बंद झाली असती तर त्यांना पुन्हा बागांमागे फिरावं लागलं असतं. सुमन एकदा कापडं पिळता पिळता मला म्हणाली होती, "मॅडम, मोठीला या साली पहिल्यांदाच मैतरीण झाली. वर्ग बदलाया लागंल म्हनून ती आधी कुनाशी बोलायचीच नाय." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची जंगी पूजा असते. पाने, हातोड्या, पंप, मोटारी, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. मी त्या वेळेला ऑफिसात बसायचे. त्याचं कारण सांगते. माझे यजमान जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मी जुन्या वळणाची बाई नाही आणि हळदकुंकवावाचून माझं काही अडतही नाही. पण ताट घेऊन फिरणारी बाई माझ्यापाशी येते, तिचा हात क्षणभर थबकतो, ती कसनुसं हसते आणि पुढे जाते, ते मला बघवत नाही. तिच्यासाठीही नाही आणि माझ्यासाठीही नाही. म्हणून मी आधीच बाजूला व्हायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, काम आहे. खंडेनवमीला कसलं काम, हे कुणी विचारायचं नाही. सगळ्यांना कळायचं.

तर मी ऑफिसात बसले आणि शेडमध्ये पूजा झाली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्रणा सुरू केली.

एरवी मी रोज सकाळी पाण्यात कागदी पट्टी बुडवून मीटर खरं बोलतंय ना ते ताडून बघायचे. पट्टीचा रंग बदलतो, त्यावरून आंबटपणा कळतो. त्या सकाळी दिलीपशेठनी मला फाटकावर रांगोळी बरी दिसतेय का ते बघायला बोलावलं. अधिकारी रांगोळी बघायला येत नाहीत हे मी त्यांना समजावत बसले आणि पट्टी राहिली. आत आले तेव्हा पंप चालू होता आणि मीटरवर आकडा होता अडीच. लोखंड साडेतीनच्या आसपास उतरतं. म्हणजे अजून वेळ आहे. मी निवांत झाले.

थोड्या वेळानं बघते तर आकडा अडीचच. पंप चालूच. आणि सोड्याचं पिंप निम्म्याच्या खाली गेलेलं.

पहिल्या टाकीत डोकावले. तिथे गंजाच्या रंगाचा गाळ दिसायला हवा होता. दिसत होता शेवाळी, राखाडी, कशालाच नाव देता येणार नाही असा चिखल. सगळे उतारू एकदम उतरले होते आणि मीटर सांगत होतं, की गाडी अजून द्वारकेवरच आहे.

खोटं कोण बोलतंय हे ठरवायचं होतं. त्याच वेळी माझी नजर टाकीच्या काठावर गेली. पूजेच्या दिवशी सुमननं प्रत्येक टाकीवर हळदीची स्वस्तिकं काढली होती. या टाकीवरच्या स्वस्तिकाचे खालचे दोन हात लालभडक झाले होते. मला आधी वाटलं, कुंकू ओघळलं. पण कुंकवाचा ठिपका मधोमध जागच्या जागी कोरडा होता. लाल झालं होतं ते फक्त तिथंच, जिथं टाकी ढवळायला सोडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचे शिंतोडे उडत होते.

वरणाचा डाग पडलेला सदरा ज्या बाईनं साबणानं धुतला आहे तिला मी यापुढे काय सांगणार ते कळलं असेल. हळदीला साबण लागला की ती लाल होते, सोडा लागला की लाल होते. आंबट लागलं की पुन्हा पिवळी. मी भाग धुतलेलं पाणी साठवायच्या टाकीतल्या आंबट पाण्याचे दोन थेंब काचेच्या नळीनं त्या लाल हातावर सोडले. तो हसल्यासारखा पिवळा झाला. म्हणजे टाकीतलं पाणी आंबट उरलंच नव्हतं. सोड्यानं पार पलीकडे गेलं होतं. हळद खरं सांगत होती आणि मीटर थापा मारत होतं.

कांडी बाहेर काढली. काचेच्या बोंडावर तेलकट पिवळा थर, त्यावर कुंकवाचं बोट आणि देठाला झेंडूची एक पाकळी.

"मोतीराम," मी हाक मारली, "या कांडीची पूजा केली?"

"केली ना मॅडम," तो अभिमानानं म्हणाला. "बाहेर काढून, सोच्छ पुसून, पाटावर ठेवली. हळद तेलात कालवली व्हती, पाण्याची पुसली जाती म्हनून. काल सुट्टी, मंग दसऱ्याचा दिवसभर पाटावरच ऱ्हाऊ दिली. सकाळी लावली परत."

"अरे, तिला तेल चालत नाही. ती कोरडी पडली की मरते. मी सांगितलं नव्हतं?"

त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, पर या शेडमधी सगळ्यात कामाचं यंत्र तेच हाय. हातोडीला हळद लावली, पान्याला लावली. मंग त्यालाच सोडून कशी पूजा करायची?"

मी सगळ्यांना सांगून सांगून त्या कांडीचं इतकं महत्त्व वाढवलं होतं, की तिला देवाच्या ओळीत बसवल्याशिवाय त्याला राहवलं नाही. मी तिथं उभी असते तर एका शब्दात थांबवलं असतं. पण मी ऑफिसात होते.

तेवढ्यात फाटकातून दिलीपशेठ धावत आले. "आले. गाडी वळली." मग टाकीत बघितलं आणि सरळ नळाकडे वळले. "मॅडम, शेवटच्या टाकीत नळाचं पाणी सोडू या. नमुना त्यातला देऊ. यांना काय कळतंय?"

"शेठ, आज नळाचं दिलंत तर उद्यापासून रोज नळाचंच द्यावं लागेल," मी म्हटलं. "मला ते जमणार नाही. मी जाऊन खरं सांगते."

"आणि मग कुलूप लागलं तर?"

मला सुमनच्या पोरीची मैत्रीण आठवली. पण माझ्या धंद्याची एक गोष्ट मला पक्की माहीत होती. यात बिघडलेलं पुन्हा पहिल्यापासून करता येतं. पोळी करपली की करपली. हा चिखल मात्र पुन्हा ॲसिडमध्ये टाकला की मुकाट्यानं विरघळतो आणि एसटी पुन्हा द्वारकेवर येऊन उभी राहते. आणि वापरलेल्या ॲसिडची आमच्याकडे काही टंचाई नव्हती.

अधिकारी तरुण होते, गंभीर चेहऱ्याचे. मी त्यांना टाकीपाशी नेलं आणि सांगितलं, "साहेब, परवा आमच्याकडे मीटरची पूजा झाली. त्यामुळे आज पहिला घाणा बिघडला. तुम्हाला वेळ असेल तर तुमच्यासमोर पुन्हा करून दाखवते. मीटरशिवाय, हातानं."

त्यांनी कांडी हातात घेऊन निरखली. मग विचारलं, "कुणी केली पूजा?"

दिलीपशेठ छताकडे बघायला लागले. मी काही बोलायच्या आत मोतीराम पुढे आला. "म्या केली साहेब. मॅडमनी सांगितलं व्हतं नको हात लावू. म्या लावला." सुमन मागे ओलं कापड छातीशी धरून उभी होती.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या ऑफिसात दरवर्षी कॉम्प्युटरची पूजा होते," ते म्हणाले. "मागच्या वर्षी कीबोर्डात अक्षता गेल्या. अजून एक बटण दाबलं की तांदूळ वाजतो." आणि खुर्ची ओढून बसले. "करा सुरू."

मग आम्ही सुरू केलं. जुनं ॲसिड सोडलं, चिखल विरघळला, पाणी परत निळसर झालं. पंप बंद ठेवून मोतीराम मगानं सोडा ओतायचा, मी पट्टी बुडवायची, हात वर केला की त्यानं थांबायचं. हवा सोडून ढवळत ठेवायचं. हळूहळू गंजाच्या रंगाचं लोखंड खाली बसलं. गाळून पाणी पुढच्या टाकीत. पुन्हा मगानं सोडा, पुन्हा पट्टी. मोतीराम सुरुवातीला भीत भीत थेंब थेंब ओतत होता. मी म्हटलं, "आमटीत मीठ घालतोस तसं घाल." तो म्हणाला, "आमटी सुमन करती." सुमन तिकडून म्हणाली, "अन् मीठ तुमी वरून घेता, मापात." तेव्हा कुठे तो हसला आणि नीट ओतायला लागला.

अधिकाऱ्यांनी चहा घेतला नाही, नियमात बसत नाही म्हणाले. पाणी मागितलं. आमच्या शेडमध्ये बसून पाणी मागणाऱ्या माणसाच्या धाडसाचं मला कौतुक वाटलं.

दुपार कलली तेव्हा दुसऱ्या टाकीत तांबं उतरायला लागलं. हे बघायला मी कितीही वेळा उभी राहीन. निळसर पाण्यात आधी काहीच होत नाही. मग एकदम धुकं धरल्यासारखं होतं आणि मोरपिशी रंगाचे पुंजके सावकाश खाली येतात. अधिकारी खुर्चीतून उठून टाकीवर वाकले होते. सुमननं गाळणीचं कापड उघडून दाखवलं तेव्हा त्यावर ओल्या मोरपिसाचा जाड थर होता. तिसऱ्या टाकीत पांढरं जस्त बसलं आणि सगळ्यात शेवटी आलं नितळ, बिनरंगाचं पाणी. अधिकाऱ्यांनी बाटली भरली, सील लावलं आणि निघताना मला एवढंच म्हणाले, "जादा कांडी एक आणून ठेवा. आणि पट्टी रोज."

नमुना चांगला निघाला. संमती आली. शेड शेडच राहिली.

तो निरोप येईपर्यंत मोतीराम कामावर राहतो की नाही यानंच जीव टांगणीला लागला होता. दिलीपशेठ चिडलेले होते. "त्याला काढतो," असं रोज म्हणायचे. मी एकदा विचारलं, "शेठ, हळदीनं बिघडवलं हे खरं. पण मीटर खोटं बोलतंय हे सांगितलं कुणी? हळदीनंच ना? मग फिटंफाट करा की." ते म्हणाले, "तुम्ही वकील व्हायला हवं होतं." त्यानंतर काढायचा विषय निघाला नाही. उलट मोतीरामनं आपण होऊन एक रीत सुरू केली. पहिल्या टाकीच्या काठावर तो रोज सकाळी हळदीचं बोट ओढायचा. मीटर, पट्टी आणि हळद, तीन साक्षीदार. मला विज्ञानाच्या दृष्टीनं त्यात काही गैर दिसलं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. दिलीपशेठनी फर्मान काढलं, की शेडमध्ये हळदकुंकू आणायचं नाही. सगळ्यांची तोंडं पडली. मी मध्यस्थी केली. पूजा होईल, कांडीचीही होईल, पण रबरी टोपी घालून, पाण्यात ठेवून, आणि हळद वरच्या डबीला. ठरलं. मग नेहमीसारखी मी ऑफिसाकडे निघाले.

"मॅडम, कुठं?" सुमन ताट घेऊन वाटेतच उभी होती.

"काम आहे गं थोडं."

"काई काम नाय. मागच्या साली तुमी बाजूला बसल्या म्हनून तर घोळ झाला. औंदा सुरुवातीपासून हितंच उभं ऱ्हायचं."

मी उभी राहिले. पंपाला हळद लागली, मोटारीला लागली, पान्यांना लागली, टोपी घातलेल्या मीटरच्या डबीला लागली. मग सुमन ताट घेऊन माझ्यासमोर आली. तिचा हात थबकेल म्हणून मीच नजर वळवली. तिचा हात थबकला नाही. हळदीचं बोट माझ्या कपाळाला लागलंसुद्धा.

"सुमन," मी एवढंच म्हटलं.

"सगळ्यांना लावली," ती म्हणाली, "मंग तुमालाच सोडून कशी पूजा करायची?"

तिचं बोट कुंकवाकडे वळलं. मी तिचा हात धरला. "हळद पुरे," मी म्हटलं. "कुंकू राहू दे." तिनं वाद घातला नाही. ताट घेऊन पुढच्या टाकीकडे गेली. मोतीराम तिकडे उगाचच एक स्वच्छ पाना पुन्हा पुसत होता.

संध्याकाळी घरी आले, चेहरा धुवायला साबण लावला आणि सवयीनं आरशात बघितलं. कपाळावर साबणाच्या फेसाखाली हळदीचं बोट लालबुंद झालं होतं. जन्मभर मी दुसऱ्यांना हे शिकवलं, आणि माझ्या ध्यानात आलं नाही. मी नळ तसाच सोडून किती वेळ उभी होते कोण जाणे. रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं. तोंड पुसलं ते कपाळ सोडून.

आता मी निवृत्त आहे, पण खंडेनवमीला मोतीरामचा फोन येतोच. त्याची मोठी पोरगी बारावी सायन्सला आहे, मैत्रिणींचा घोळका घेऊन हिंडते. मी रिक्षानं अंबडला जाते आणि सुरुवातीपासून उभी राहते. त्या साबणाच्या संध्याकाळनंतरच्या पहिल्याच वर्षी सुमन हळद लावून पुढे निघाली, तेव्हा मीच तिला थांबवलं.

"दोन्ही लाव," मी म्हटलं. "नाहीतरी घरी जाऊन साबणानं तेच होणार आहे."